पाचांनी न ऐकलेली गोष्ट

हुरड्याला बोलावून न्याय करायचा, हे फक्त गुरुबसप्पांनाच सुचू शकतं. "आधी न्याय, मग आगटी," असं ते बैलगाडीतून उतरता उतरताच म्हणाले, आणि सकाळपासून गुळभेंडी ज्वारीच्या कणसांवर डोळा ठेवून बसलेल्या पोरांची तोंडं एवढीशी झाली. आगटीचा खड्डा खणून झाला होता. गोवऱ्या रचून झाल्या होत्या. शेंगदाण्याची चटणी, दही, गूळ, लसणाच्या पाकळ्या, सगळं पराती झाकून तयार होतं. फक्त काडी लावायची बाकी होती, आणि म्हातारा ती लावू देईना.

सव्वीस जानेवारीचा रविवार होता. सोलापुरात गड्ड्याची जत्रा अजून उठली नव्हती, तरी वळसंग्यांचं सगळं घर होटगीच्या शेतावर जमलं होतं. पंच्याहत्तर साल नुकतंच लागलं होतं. बहात्तरच्या दुष्काळात बैल छावणीत नेऊन बांधावे लागले, त्यातला एक तिथंच गेला; तेव्हापासून या घरात कडब्याची पेंढी म्हणजे धान्याच्या पोत्याइतकी जपायची वस्तू झाली होती. आणि त्याच कडब्याची दोन पुरुष उंचीची गंजी भोगीच्या दिवशी दुपारी जळून गेली होती. रेल्वेच्या रुळाकडच्या अंगाला तिचं काळं वर्तुळ अजून तसंच होतं. बायका तिकडं पाठ करून बसल्या होत्या.

गुरुबसप्पांच्या थोरल्या मुलाचं, बसप्पाचं, म्हणणं उघड होतं. गंजी शिवपुत्रानं जाळली. धाकट्या भावानं आता शेत सोडावं, बायकोपोरं घेऊन सोलापुरात यावं आणि भुसाराच्या दुकानात पोती मोजावीत. शेत बसप्पाचा मुलगा बघेल. शिवपुत्राचं म्हणणं एवढंच होतं की मी जाळली नाही. तो वीस वर्षं याच मातीत होता, दुकानाच्या पायरीवर बसला तरी त्याचा जीव गुदमरायचा. शेत गेलं तर त्याचं काय राहणार होतं, हे त्याला सांगता येत नव्हतं आणि इतरांना विचारायचं सुचत नव्हतं.

चिंचेखाली घोंगडं पसरलं होतं. गुरुबसप्पा त्यावर बसले आणि त्यांनी पाच माणसं बोटानं वेचली. धाकट्या लेकीचा नवरा गुरुलिंग, शाळेत मास्तर, झेंडावंदन उरकून आलेला. शेजारच्या शेतातला महिपती आणि त्याचा भाऊ, दोघं पाच वर्षांपूर्वी ही जमीन घेऊन इथं आलेले. खुरपायला येणारी सोजरबाई. आणि पाचवी चन्नम्मा, बसप्पाची सून, दोन वर्षांपूर्वी अक्कलकोटकडून या घरात आलेली.

"अप्पा, माझीच सून?" बसप्पा म्हणाला. "आन ती बी बाईमाणूस?"

"तुझी सून हाय म्हणून तुला काय अडचण हाय का?"

चन्नम्मानं पदर डोक्यावरून पुढं ओढला आणि सोजरबाईला चिकटून बसली.

"मी ह्या पाचांत न्हाय," गुरुबसप्पा म्हणाले. "बसप्पा न्हाय, तुमची अव्वा न्हाय. आमी तिघं बसू शकत न्हाय. का, ते इचारू नका. ह्या पाचांनी ऐकायचं, पाचांनी ठरवायचं. ते म्हणतील तसं हुईल. आन मी म्हणतो तसं न्हाय."

पुण्यात नाना पेठेत आडतीवर असताना म्हातारा कधीकाळी ज्युरीत बसला होता, हे घरात सगळ्यांना पाठ होतं. दर दिवाळीला ती गोष्ट निघायची आणि जज्जसाहेबांच्या टोपापाशी येऊन थांबायची. गुरुलिंगनं एकदा त्यांना सांगितलंही होतं, की आता गेल्या वर्षीच्या नव्या कायद्यानं देशात ज्युरी उरलीच नाही. म्हाताऱ्याला तेव्हा कुणीतरी गेल्यासारखं वाईट वाटलं होतं. आज तो आपली ज्युरी आपणच भरवत होता.

*

बसप्पा उभा राहून बोलला. बोलण्यात तो पटाईत होता, दुकानावर बसणारा माणूस.

"भोगीच्या आदल्या दिशी मी हितं आलतो. टेंभुर्णीचा व्यापारी ट्रक घिऊन येणार, निम्मा कडबा देऊन टाकू, असं मी म्हनलं. तर ह्यो काय म्हनला? इकण्यापरीस जळून गेलेला बरा! म्हनला का न्हाय, ह्यालाच इचारा."

"म्हनलो," शिवपुत्र खाली बघत म्हणाला.

"दुसऱ्या दिशी आमी समदे सोलापुरात, जत्रेत. शेतावर कोण? ह्यो. दुपारी गंजी पेटली. बिरप्पा, उठ. शिवपुत्र गंजीपाशी व्हता का न्हवता?"

शेतात मेंढरं बसवायला आलेला बिरप्पा धनगर काठी टेकत उठला. "व्हता की."

"किती येळ आधी?"

"लई न्हाय. एक चिलीम व्हईस्तवर."

"बस खाली."

बिरप्पा बसला. त्याला आणखी काही सांगायचं असावं, पण असं बसवल्यावर धनगर बोलत नाही.

"तू काय म्हणतोस?" गुरुबसप्पांनी धाकट्याकडं बघितलं.

"बैलांना पेंढ्या काढाय गेलतो. काढल्या, गोठ्यात आलो. मागं वळून बघितलं तर धूर." शिवपुत्र थांबला. त्याला पुढचं वाक्य जड जात होतं. "इंजिनाची ठिणगी पडली आसंल, अप्पा."

सिद्धम्माच्या, म्हणजे दोघांच्या अव्वाच्या, हातातून लसणाची पाकळी खाली पडली.

तिनं नवऱ्याकडं बघितलं नाही. बघायची गरजच नव्हती. इंजिनाची ठिणगी! हे शब्द तिच्या घरात जन्मले होते, तिच्या चुलीसमोर. सव्वीस वर्षांपूर्वी याच शेतात अशीच गंजी जळाली होती. शिवपुत्र अकरा वर्षांचा होता. त्याचा खोंड बापानं बाजारात नेऊन विकला, म्हणून रागाच्या भरात पोरानं देवापुढची काड्यापेटी उचलली आणि गंजीच्या बुडाला काडी लावली. आणि पळाला नाही. तिथंच थरथरत उभा राहिला, भुवया जळालेल्या. त्या संध्याकाळी गुरुबसप्पा चुलीपाशी बसून म्हणाले होते, "गावाला सांगायचं, इंजिनाची ठिणगी पडली. पोराच्या नावाला डाग नको." गावानं ते मानलं. रुळाला लागून शेत, कोळशाचं इंजिन. कोण नाही म्हणणार? नवरा, ती आणि तेव्हा सोळा वर्षांचा असलेला बसप्पा, या तिघांनी ते पोटात ठेवलं. धाकटी लेक तर त्या वेळी पाळण्यात होती.

त्या दिवसापासून शिवपुत्राला कुणी काडी धरू दिली नाही. कुणी तसा नियम केला नव्हता. हुरड्याला आगटी बसप्पा पेटवायचा आणि शिवपुत्राला लांब कणसं खुडायला धाडायचे. पुढं पुढं तोच जाईनासा झाला. बिडी ओढली नाही, देवापुढचा दिवाही बायकोच लावते. आणि आता तो बापानं शिकवलेलं खोटं बापालाच सांगत होता. निदान सिद्धम्माला तरी तसंच वाटलं, आणि नवऱ्यालाही तसंच वाटलं असणार हे तिला माहीत होतं. तिला पोराचा राग आला, आणि रागापेक्षा जास्त दया आली.

बसप्पा हसला. ते हसू चांगलं नव्हतं. "इंजिनाची ठिणगी! ऐकलं का अप्पा? आता मला सांगावंच लागतंय. पंचानू, ह्याच शेतात, एकुनपन्नास साली—"

"बसप्पा!"

म्हातारा एवढ्या जोरात ओरडला की चिंचेवरच्या साळुंक्या उडाल्या. अडुसष्ट वर्षांच्या माणसाच्या गळ्यात एवढा आवाज उरला असेल असं कुणाला वाटलं नव्हतं.

"पाचीजण उठा," ते पाचांना म्हणाले. "हिरीवर जा. मी हाळी दिल्याबिगर येऊ नका. आन पोरांनाबी संगं न्या."

*

विहीर दीडशे पावलांवर होती. तिथून चिंचेखालची माणसं दिसत होती, पण आवाज पोचत नव्हता. बसप्पाचा हात वर-खाली होत होता. आजी कपाळाला हात लावून बसली होती.

"एकुनपन्नास साली काय झालं असंल गं?" सोजरबाई म्हणाली. "काय तरी लई मोठं हाय."

"आपल्याला सांगायचं नाही म्हणूनच इथं पाठवलं," गुरुलिंग म्हणाला. "कोर्टात असंच करायचे. ज्युरीला बाहेर बसवायचे आणि आत वकील भांडायचे, की अमुक गोष्ट यांच्या कानावर घालायची की नाही."

"आन मग?"

"जज्ज नको म्हणाले, की ती गोष्ट गेली. ज्युरीला कधीच कळायची नाही."

"आरं वा!" महिपती म्हणाला. "निवाडा आमी करायचा, आन आमालाच म्हाईत न्हाय? ह्यो तर डोळे बांधून बैल हाकायचा परकार झाला."

सगळे हसले. चन्नम्मा हसली नाही. तिला दोन वर्षांत एक गोष्ट दिसली होती आणि तिनं ती कुणाला विचारली नव्हती: धाकटे मामंजी आगटीपाशी येत नाहीत. सगळे शेकत बसतात, ते बांधावर उभे. आत्ता ते आठवलं आणि तिच्या मनात काहीतरी जुळायला लागलं. एकुणपन्नास साल. आग. लहान मूल. तिनं ते जुळू दिलं असतं तर क्षणात जुळलं असतं.

तिनं विहिरीत वाकून पाणी बघितलं. मग स्वतःलाच म्हणाली, आज्जांनी एवढ्या जोरात ओरडून जे माझ्या कानावर येऊ दिलं नाही, ते मी चोरून कशाला ऐकू? पण मग राहिलं काय? राहिलं ते भोगीच्या दिवसाचं. त्यातलं आपल्याला काय काय माहीत नाही, याचा ती विचार करू लागली, आणि तिला आश्चर्य वाटलं. जवळजवळ काहीच माहीत नव्हतं. तेरा दिवस घरात याशिवाय दुसरा विषय नव्हता, आणि गंजी कशी पेटली हे कुणी कुणाला सांगितलं नव्हतं. फक्त कुणी पेटवली, एवढंच सगळे बोलत होते.

*

"खरं ते लपवायचं, ह्यो कसला न्याय?" चिंचेखाली बसप्पा विचारत होता. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, रागाचं. "एकदा जाळली ती मी पोटात ठिवली. शाळेत, गावात, कुटंच बोललो न्हाय. तुमी म्हनला इंजिन, मी बी म्हनलो इंजिन. आता दुसऱ्यांदा जाळली तरी तोंड शिवून बसू?"

"दुसऱ्यांदा जाळली हे ठरलंय का?"

"तुमाला काय वाटतंय, अप्पा? छातीवर हात ठिवून सांगा."

शिवपुत्र दहा हातांवर उभा होता, त्याला सगळं ऐकू जात होतं.

"मला वाटतंय, त्यानंच जाळली," म्हातारा म्हणाला.

शिवपुत्र हलला नाही. सिद्धम्मानं मात्र "अय्यो शिवा" म्हणून तोंडावर पदर घेतला.

"म्हणून तर मी पाचांत न्हाय. ऐक बसप्पा. पुण्याची गोष्ट मी तुमाला निम्मीच सांगतो दरवर्षी. आमी पाचजण व्हतो. एक माणूस, घरफोडीचा आरोप. तिसऱ्या दिशी जज्जसायबांनी आमाला भायेर घालवलं. अर्धा घंटा बाकड्यावर बसलो. आत बोलावलं, तर त्या अर्ध्या घंट्याचं कोन कायबी बोलंना. साक्षी ऐकल्या, पुरावा लंगडा निघाला, आमी सोडला त्याला. जिना उतरताना एक पोलीस मला म्हनला, शेठ, कुणाला सोडलंत? आधी दोनदा घरफोडीत सजा झाल्याला माणूस हाय! भायेर घालवलं तवा हेच बोलणं चाललं व्हतं आत. माझं डोस्कं फिरलं. तसाच माघारी वर गेलो. कोर्टाच्या म्हाताऱ्या कारकुनाला म्हनलं, आमाला येडं बनवलं तुमी!"

"बराबर म्हनलात," बसप्पा म्हणाला.

"तो कारकून लई शांत माणूस. मला म्हनला, शेठ, तुमी तीन दिवस कसं ऐकलंत? कान टवकारून. मी बघत व्हतो. ती एक गोष्ट पयल्या दिशी ऐकली असती तर पुढचं काय ऐकलं असतं तुमी? घरी जायची घाई झाली असती. आधीच्या चोरीची शिक्षा त्यानं भोगली. ह्या चोरीचं काय, ते ह्या चोरीच्या पुराव्यानं ठरंल." गुरुबसप्पांचा आवाज खाली आला. "मी जिन्यावर बसलो, बसप्पा. सरकार केवढं! पोलीस त्याचे, तुरुंग त्याचा. कुणालाबी उचलून आत घालायची ताकद. आन ते सरकार आपल्याच हातानं आपला एक कान झाकून घेतंय, का, तर एका फाटक्या चोराचं म्हणणं दुसऱ्या कानानं नीट ऐकू यावं. माझ्या अंगावर काटा आला. देवळात न्हाय आला कदी तसा."

"त्यानं ती घरफोडी केलती का न्हवती?" सिद्धम्मानं विचारलं. पंचेचाळीस वर्षांच्या संसारात तिनं हे पहिल्यांदाच विचारलं.

"म्हाईत न्हाय. अजून म्हाईत न्हाय."

बसप्पानं पायानं माती उकरली. त्याला पटलं नव्हतं, पण बापाला त्यानं असं बोलताना कधी पाहिलं नव्हतं, आणि त्यापुढं त्याचं सगळं वकीलपण गळून गेलं. "पाचांनी त्याला दोषी धरला तर?"

"तर तो शेत सोडंल. त्याला मी ठिवून घेणार न्हाय. आन पाचांनी त्याला निर्दोष सोडला, तर तू पुन्हा ह्यो इषय काढायचा न्हाय."

"बरं."

बापाला वाटतं आपण जाळली, हे शिवपुत्रानं तेरा दिवस बापाच्या चालण्यातून ओळखलं होतं. आज ते कानानं ऐकलं, आणि नवल असं की त्याला वाईट वाटलं नाही. बापाला तसं वाटतं, आणि तरी बाप त्याच्यासाठी स्वतःच्या वाटण्याला आडवा उभा राहिला होता. हे काय आहे, ते त्याला नीट समजेना. आगटीच्या खड्ड्याकडं बघत तो उभा राहिला.

*

हाळी आली, पाचजण परतले. गुरुबसप्पांनी त्यांना समोर बसवलं.

"तुमी न्हवता तवा हितं एक बोलणं झालं. ते तुमाला सांगणार न्हाय. बसप्पाच्या तोंडातनं अर्धं सुटलं, ते बी सुटलं न्हाय असं समजा. जमंल का?"

"अवघड हाय," महिपती म्हणाला.

"अवघडच हाय. जमंल का?"

"जमवू."

"तर इचारा, काय इचारायचं ते."

दूर होटगी स्टेशनात डबे आदळल्याचा आवाज झाला. मग चन्नम्मानं पदराचं टोक बोटाला गुंडाळत, अगदी हळू विचारलं, "बिरप्पामामा, तुमी बघितला तवा जाळ कुटं होता?"

"गंजीला की."

"गंजीला कुटं? वर की खाली?"

"सूनबाई!" बसप्पा म्हणाला.

चन्नम्मा थांबली नाही. "मामंजी, मला आज्जांनी बसवलंय. बिरप्पामामा, कुटं?"

बिरप्पा काठी टेकत पुन्हा उठला. "वर व्हता की. पार शेंड्याला. डोक्यावरच्या पेंढ्या पेटल्यावत्या."

"आन खाली?"

"खाली कायबी न्हवतं. मी पळत ग्येलो, खालनं चार पेंढ्या वडून काढल्या, तेवढ्याच वाचल्या. गार व्हत्या. मग वरनं जळतं पडाय लागलं, तवा सरकलो."

"आमच्या माहेरी दोनदा गंजी जळाली," चन्नम्मा आता सरळ आजोबांकडं बघून बोलत होती. "एकदा माणसानं लावली, भावकीतल्या. ती बुडातनं पेटली. दुसऱ्यांदा वीज पडली, ती शेंड्यातनं. माणूस वाकून खालीच लावतो आज्जा, वर कशाला जाईल?"

"वर चढून लावली आसंल," बसप्पा म्हणाला.

"दोन पुरुष उंच, शिडीबिगर?" महिपतीनं मान हलवली. "आन शिडी तर भोगीच्या आधीपास्नं माझ्या गोठ्याला लावलीया, पत्रे बदलाय. अजून तितंच हाय. तुमीच दिली की शिवपुत्र."

"दिलती," शिवपुत्र म्हणाला. त्याला स्वतःलाच ते आत्ता आठवलं.

गुरुलिंगनं विचारलं, "बिरप्पा, त्या वेळी गाडी कुठली गेली होती?"

"मालगाडी. नुकतीच. चढावर लई धापा टाकत व्हतं इंजिन. वारा हिकडंच व्हता, धूर माझ्या मेंढरांवर आला. रुळाकडचं गवत बी दोन जागी जळाल्यालं हाय, जाऊन बघा."

"मग हे तू इतके दिवस सांगितलं का नाहीस?"

बिरप्पानं सगळ्यांकडं बघितलं. त्याला वाटलं आपलं काहीतरी चुकलं. "मला कुनी इचारलंच न्हाय. शिवपुत्र तितं व्हता का, एवढंच इचारलं. व्हता, म्हनून सांगितलं."

महिपतीचा भाऊ आणि सोजरबाई उठून रुळाकडं गेले आणि बघून आले. गवत जळालं होतं, दोन ठिकाणी, एक तर काळ्या वर्तुळापासून चाळीस पावलांवर. सोजरबाईनं येता येता एक प्रश्न हवेत सोडला, की गंजी दरवर्षी विहिरीपलीकडं असते, यंदा रुळाजवळ कुणी रचायला लावली? त्याचं उत्तर सगळ्यांना माहीत होतं. ट्रक लागायला सोपं जावं म्हणून बसप्पानं. बसप्पा घोंगड्याच्या कडेला बसला आणि त्यानं टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

पाचजणांना पुन्हा विहिरीवर जावं लागलं नाही. गुरुलिंग म्हणाला, नाही जाळली. महिपती म्हणाला, न्हाय. त्याचा भाऊ, न्हाय. सोजरबाई, "न्हाय, न्हाय, न्हाय!" शेवटी चन्नम्मा. तिला आज संध्याकाळी त्याच सासऱ्याला भाकरी वाढायची होती. ती म्हणाली, "न्हाय जाळली."

गुरुबसप्पांचे ओठ हलत होते. बिरप्पा रोज सकाळी गावातल्या त्यांच्या घरापुढून मेंढरं न्यायचा. रोज. रामराम व्हायचा. तेरा दिवसांत त्यांना त्याला एक शब्द विचारावासा वाटला नव्हता, कारण विचारण्यासारखं काही उरलंच नव्हतं, सगळं माहीतच होतं. पुण्याच्या जिन्यावर आला होता तसा काटा पुन्हा त्यांच्या हातांवर आला, आणि त्यांनी तो पुसला नाही. त्या कारकुनाचं नाव त्यांना आठवेना. आठवलं असतं तर त्यांनी मोठ्यानं घेतलं असतं.

"शिवपुत्र, हिकडं ये."

तो आला.

"मी त्या पाचांत असतो, तर आज तुला शेतातनं घालवला असता."

"ठाऊक हाय, अप्पा."

"ठिणगी म्हनलास, तवा मला माझंच खोटं ऐकू आलं. तुझं खरं ऐकूच आलं न्हाय." त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "आन मी बाप हाय तुझा."

शिवपुत्रानं वाकून त्यांच्या पायांना हात लावला आणि बराच वेळ उचलला नाही. पाचांपैकी चौघांना यातलं निम्मंच कळलं. चन्नम्मा दुसरीकडं बघत राहिली.

"बसप्पा," म्हातारा डोळे पुसत म्हणाला, "काड्यापेटी कुटंय?"

"हाय माझ्यापाशी. पेटवतो."

"तू नको. त्याला दे."

सिद्धम्मा जागच्या जागी उठून उभी राहिली. बसप्पानं खिशातून काड्यापेटी काढली, तळहातावर धरली. सव्वीस वर्षं ती त्याच्याकडं होती, दरवर्षी. त्यानं भावाकडं बघितलं, आणि मग दोन पावलं चालत जाऊन ती स्वतः त्याच्या हातात ठेवली. "चुकलो रं," तो म्हणाला. एवढंच.

सदतीस वर्षांच्या माणसाला काडी ओढता येईना. पहिली मोडली. दुसरी पेटली आणि वाऱ्यानं विझली. पोरं खिदळायला लागली, तशी सिद्धम्मानं त्यांना दटावलं. तिसरी काडी त्यानं दोन्ही तळव्यांच्या आडोशात धरली, गुडघे टेकले, वाकला आणि गोवऱ्यांच्या अगदी बुडाला लावली. जाळ खालून हळूहळू वर चढला. सगळं घर तो चढताना बघत उभं होतं.

मग शिवपुत्र तिथंच, आगटीच्या काठाशी, मांडी घालून बसला.

"कणसं आणा की," तो म्हणाला. "पोरं उपाशी हायती."

कणसं खुडायला बसप्पा गेला.